सात वारांचं आतडं

"आजोबा, आतड्याची शिवण परत उसवली."

सौम्यानं दप्तर टाकता टाकता हे सांगितलं तेव्हा परशराम कट्ट्यावर बसून शेंगा सोलत होता. त्याला वाटलं, शेजारपाजारच्या कुणाचं तरी ऑपरेशन बिघडलं.

"कुणाचं गं?"

"कुणाचं न्हवं. आमच्या शाळेतलं."

मग नातीनं सगळं नीट सांगितलं. ती सातवीत होती. तिच्या शाळेत पोरं कमी झाल्यामुळं एक वर्ग रिकामा पडला होता, आणि विज्ञानाच्या प्रियदर्शनी बाईंनी त्या वर्गाचं पोट करायचं मनावर घेतलं होतं. दाराला फोमचे मोठे दात लावले होते. दातांतून आत गेलं की घसरगुंडी, ती अन्ननलिका. खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबची जठराची पिशवी. तिच्यात भाकरीचे तुकडे आणि लिंबाचं पाणी घालून पोरांनी दोन्ही हातांनी मळायचं. पुढं काचेखाली दही ठेवलेलं, त्यातले जीव बघायला सूक्ष्मदर्शक. अन् सगळ्यात शेवटी लहान आतडं. कापडाचं लांब भोंगळं, नळीसारखं पोकळ, त्यातून पोरांनी रांगत जायचं. प्रत्येक पोराच्या गळ्यात पाटी असायची. कुणी भाकरी, कुणी केळं, कुणी कुरकुऱ्यांचं पाकीट. पोरगं म्हणजे घास.

"अस्तराचं कापड शिवून केलंय बाईंनी. तीन पोरं आत गेली की टर्रकन फाटतंय."

"शिवलेलं फाटणारच," परशराम म्हणाला. "बिनशिवणीचं विणायला पाहिजे."

हे तो सहज बोलून गेला. पण सौम्या शेंगा खायची थांबली. "असं विणता येतंय?"

"येतंय म्हणजे? आम्ही विणलोय की."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रियदर्शनी बाई स्वतः वडगावात त्याच्या दारात हजर.

परशरामला मागावर बसून नऊ वर्षं झाली होती. घरातला त्याचा खड्डामाग मुलानं, अमृतनं, त्याला विचारूनच काढला होता. पाय सोडून बसायचा तो खड्डा मुरमानं भरून वर फरशी घातली, फरशीवर दोन पॉवरलूम आले. परशरामची तक्रार नव्हती. त्यावरच घर चाललं होतं. फक्त दिवसभरच्या त्या खडखडाटात त्याच्या हातांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायको बाळाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळं भांडायलाही कुणी नव्हतं.

"काका, खरंच बिनशिवणीचं होईल?" बाईंनी विचारलं. त्या खानापूरकडच्या, शेतकऱ्याघरच्या. बोलणं नीटनेटकं, पण हात राबते दिसत होते.

"लांबी किती?"

"मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण एकवीस फूट असतं."

परशरामनं मनात वार मोजले. "म्हणजे सात वार. सहावारीपेक्षा लांब अन् नऊवारीपेक्षा आखूड." तो हसला. "एवढं लुगडं प्रत्येकाच्या पोटात हाय व्हय?"

"घडी घालून ठेवलेलं," बाई म्हणाल्या.

ही गोष्ट त्याला फार आवडली. जन्मभर लुगडी विणली, अन् एक आपल्याच पोटात घडी घालून होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

माग उरला होता एकच, शेजारच्या खासबागात मष्णूकडं. मष्णू त्याचा लहानपणचा सोबती. मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनही त्याला बारीक तार दिसत नव्हती, म्हणून पाच वर्षांपासून त्याचा माग मागच्या खोलीत फळ्यांखाली झाकून पडला होता. वर कांद्याची पोती.

"आतडं?" मष्णूनं दोनदा विचारलं. "माणसाचं?"

"शाळेतल्या पोरांसाठी रं. चल, पोती हलव."

पोती हलली, फळ्या निघाल्या. खड्ड्यात एक उंदराचं घरटं, एक बिडीचं बंडल आणि मष्णूच्या आईची हरवलेली पितळेची डबी सापडली. मष्णू ती डबी धोतराच्या सोग्यानं पुसत किती तरी वेळ तसाच बसला. परशरामनं खड्ड्यात पाय सोडले आणि बसून बघितलं. विणलेलं कापड गुंडाळायचं लाकूड पूर्वीसारखं बरोबर पोटाशी येऊन टेकलं. चाळीस वर्षं असंच लाकूड तिथं टेकत आलं होतं. जेवण झाल्या झाल्या बसलं की त्या लाकडानं ढेकर दबायचा, अन् म्हातारपणी सगळ्या विणकरांना आंबट पाणी तोंडाला यायचं. आई म्हणायची, आधी आंबील पी, मग पाय खड्ड्यात सोड. नाचण्याची आंबील, रात्रभर मडक्यात आंबवलेली. आता बाई काचेखालचं दही दाखवून पोरांना तेच सांगत होत्या.

भोंगळं विणायचं म्हणजे दोन थर एकावर एक विणायचे. सुताची कांडी पोटात घेऊन धोटा वरच्या थरातून जातो आणि खालच्या थरातून परत येतो, कडेला कुठं थांबत नाही, गोल फिरत राहतो. त्याला पायाखाली दाबायच्या पट्ट्या, म्हणजे पावड्या, दोनाऐवजी चार लागतात. दोन नव्या पावड्या मष्णूनं खाटेच्या जुन्या माच्यातून केल्या. सूत शहापुरातून आणलं, जाड, गाजराच्या रंगाचं. सोळाशे तारा एकेक करून ओवायला आठ दिवस गेले. मष्णू मागून बोटांनी चाचपून तार पुढं सरकवायचा, परशराम समोरून ओढून घ्यायचा. दोघं तोंडानं मोजत होते. मधेच कुणी जुनं काही काढलं की मोजणी चुकायची अन् मागच्या शंभरापासून परत.

"तू हे शेवटचं कवा विणलास?" मष्णूनं विचारलं.

"चौऱ्याऐंशी साली. निपाणीच्या तंबाखूवाल्याच्या लोडांच्या खोळी. इसरलास?"

मष्णूला आठवलं. निपाणीच्या एका व्यापाऱ्याला त्याच्या पेढीवरच्या लोडांना बिनशिवणीच्या खोळी हव्या होत्या. शिवण पाठीला टोचते म्हणायचा. परशराम तेव्हा तीस वर्षांचा. बारा खोळी विणल्या होत्या, आणि त्या पोहोचवायला तो बाळाबाईला घेऊन एसटीनं निपाणीला गेला होता. लग्नानंतर दोघांनी मिळून केलेला तेवढाच एक प्रवास. तंबाखूच्या वखारींतून जाताना ती एवढी शिंकली की व्यापाऱ्याची म्हातारी आई हसून हसून बेजार झाली आणि तिनं बाळाबाईला गुळाचा खडा दिला. येताना पार काकतीपर्यंत, घर जवळ येईस्तोवर, बाळाबाई शिंकतच होती.

विणायला सुरुवात झाली आणि पहिले दोन दिवस सोन्यासारखे गेले. पायांना पावड्यांचा क्रम आठवला. एक, तीन, दोन, चार. धोट्याचा आवाज खासबागच्या गल्लीत गेला तशी म्हातारी माणसं एकेक करून डोकावून जाऊ लागली. कुणी नुसतंच दारात उभं राहून ऐकायचं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सौम्या बघायला आली. तिनं कापडावर हात फिरवला, कडेनं चिमटीत धरलं.

"आजोबा, हे आत मोकळं कुठं हाय?"

"असं काय म्हणतीस? मोकळंच हाय."

"न्हाय. चिकटलंय."

परशरामनं गुंडाळलेलं कापड उलगडलं. दीड फूट कापडात दोन्ही थर एकमेकांत विणले गेले होते. मष्णूच्या नव्या पावडीची दोरी सैल झाली होती, खालच्या थराच्या तारा नीट खाली जात नव्हत्या, आणि वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. सौम्यानं तिथल्या तिथं बाईंना फोन लावला. पलीकडून बाईंचं हसू परशरामलाही ऐकू आलं. "काकांना सांग, बद्धकोष्ठ झालंय!"

मष्णूही हसला. परशराम हसला नाही. दीड फूट उसवायचं म्हणजे दोन दिवस. पण त्याला लागलं ते निराळंच. एवढी साधी गोष्ट आपण विसरलो कशी?

लोडांच्या खोळी विणताना बाळाबाई रहाटावर कांड्या भरायची. दर वीतभर विणून झालं की तो तिला हाक मारायचा. तो वरचा सगळा थर पायानं उचलून धरायचा अन् ती बाजूनं येऊन, फणी आणि कापड यांच्या मधल्या फटीतून, हात आत सारायची. मनगटापर्यंत हात कापडात जायचा. बांगड्या आत किणकिणायच्या. कापडाखालून तिची बोटं चालताना दिसायची. "मोकळं हाय," ती म्हणायची अन् परत रहाटावर. कधी मुद्दाम उशीर लावायची, तो ओरडेपर्यंत. बारा खोळींत कुठंही थर चिकटला नव्हता, आणि ते सगळं श्रेय इतकी वर्षं त्यानं आपल्या पायांना दिलं होतं.

हे काम एकट्याचं नव्हतंच. ज्याचे पाय पावड्यांवर, त्याचा हात तिथं पोचत नाही.

त्यानं दीड फूट उसवलं. मग सौम्या शाळेतून आली की तेवढंच विणायचं ठरलं. दर वितीला ती हात घालून सांगायची, "ओके आजोबा." तिच्या मनगटात बांगड्या नव्हत्या, लाल दोरा होता. तेही चांगलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सात वार पूर्ण झाले. बाईंना आतून बारीक बारीक बोटं हवी होती, आतड्याला असतात तशी, अन्नातलं सत्त्व शोषून घेणारी. पोरांनी बाहेरून लोकरीचे हजारभर गोंडे शिवले आणि सगळं भोंगळं आतून बाहेर उलटं केलं. प्लॅस्टिकच्या पाइपच्या कड्या घालून ते उभं राहिलं. पहिल्या दिवशी एका वेळी तीन पोरं गेली, मग पाच. कुठं काही टरकलं नाही.

त्या महिन्यात सीमाभागातल्या मराठी शाळांचा विज्ञान मेळा निपाणीला भरायचा होता. बाईंनी सगळं पोट टेंपोत भरलं आणि परशरामला म्हणाल्या, "काका, तुम्ही चला. आतडं टांगायला तुमच्याशिवाय कोण?"

चौऱ्याऐंशीनंतर तो निपाणीला पहिल्यांदाच निघाला होता. हायवे एवढा रुंद झालेला की कुठलं गाव कधी गेलं कळलं नाही. पण निपाणी आली तशी टेंपोच्या खिडकीतून तंबाखूचा तोच वास आला. तो मुद्दाम खोल श्वास घेऊन बसला, शिंक येते का बघत. आली नाही.

मैदानात मांडव होता. आतड्याला ही गर्दी! परशरामचं काम एकच, एका वेळी पाचांपेक्षा जास्त पोरं आत सोडायची नाहीत. किती गेली, किती आली, तो बोटांवर मोजत होता. पलीकडच्या टोकाला प्रियदर्शनी बाई बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घोळक्याला सांगत होत्या, पाणी भरपूर प्यायचं, ताक प्यायचं, सकाळी पोट साफ झालं पाहिजे.

बाराच्या सुमाराला पाच गेली आणि चारच आली.

त्यानं पुढच्यांना थांबवलं. भोंगळ्याच्या मधोमध एक फुगवटा होता, हलत नव्हता. तो गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसला.

"कोण हाय आत?"

"मी."

"मी म्हणजे कोण गं?"

"स्वरूपा."

"अडकलीस व्हय बाळ?"

"न्हाय. बसू वाटलं."

आवाज अकरा-बारा वर्षांच्या पोरीचा होता. परशराम म्हणाला, "बस की मग. लई मऊ हाय न्हवं आत?"

"व्हय." मग ती कापडातूनच म्हणाली, "त्या बाई सांगालत्यात ते खरं हाय? पाणी न्हाय प्यालं तर पोट दुखतंय?"

"खरं हाय की."

"मी शाळेत पाणी पीत न्हाय."

"का?"

बाहेर पोरं कलकलत होती. परशरामनं कान कापडाला लावला.

"कुणाला सांगू नका."

"न्हाय सांगत."

"आमच्या शाळेत संडासला कडी न्हाय. पोरं दार ढकलत्यात. म्हणून घरातनं निघाल्यापासनं पाणी पीत न्हाय मी. सकाळी वडापची जीप लवकर येतीय, घरात बी जायला वेळ न्हाय. मग दुखतंय. इथं." आणि तिनं आतून कापडावर तळवा दाबला. गाजरी कापडावर पाच बोटं उठली.

परशराम त्या पाच बोटांकडं बघत राहिला.

त्याला निपाणीचा स्टँड आठवला. तापलेली दुपार, बाळाबाई डोक्यावर पदर घेऊन बाकावर बसलेली, अन् तो पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर उभा. "ऊन हाय, पाणी पी की." "तहान न्हाय." सकाळी सहाला निघालेली बाई, संध्याकाळी सातला घरी पोचेपर्यंत तिला तहान लागली नाही, आणि त्यानं ते खरं मानलं. त्या काळी घरात संडास नव्हता. वडगावच्या बायका पहाटे अंधारात, विणकरांच्या गल्ल्या संपल्या की पलीकडच्या शेताकडं जायच्या, ते परत दिवस मावळल्यावर. दुपारचा चहा ती त्याच्याच कपात ओतायची. तिला चहा आवडत नाही असं तो लोकांना सांगायचा. रहाट फिरवताना एक हात पोटावर असायचा तिचा. ओवा खा म्हणायचा तो. ओवा संपला की आणूनही द्यायचा. नंतर घरात संडास बांधला त्या वर्षी ती चहा प्यायला लागली होती, दोन दोन कप. ते त्याला तेव्हा दिसलं होतं, पण त्याचा अर्थ आज, इथं, एका पोरीच्या तळव्यासमोर बसून लागत होता.

"स्वरूपा," तो म्हणाला, "तुझं नाव न सांगता आमच्या बाईंना सांगू? बाई चांगल्या हायत."

"नाव न सांगता सांगा."

"अन् शाळेचं?"

"शाळेचं बी नको."

"बरं."

फुगवटा हलला, पुढं सरकला आणि पलीकडच्या टोकातून दोन वेण्यांची एक पोरगी बाहेर पडून गर्दीत मिसळली. तिच्या गळ्यात 'पेरू' अशी पाटी होती.

परशरामनं घसरगुंडीच्या मागं नेऊन बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्या तशाच चालत्या झाल्या, आणि थोड्या वेळानं बुटांचं रिकामं खोकं अन् कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या. आतड्याच्या बाहेरच्या टोकाशी टेबल मांडलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'शाळेत संडासला जायला काही अडचण आहे का? लिहा. नाव लिहू नका.'

चारपर्यंत खोकं भरलं. बाई एकेक चिठ्ठी उघडून शेजारच्या शिक्षकांना वाचून दाखवू लागल्या. कडी नाही. दिवा नाही. पाल असते. किल्ली सरांकडे असते, मागायला लाज वाटते. एक मुख्याध्यापक चिडले.

"बाई, हा विज्ञान मेळा आहे. हे कसलं विज्ञान?"

"पचनच आहे सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "घास आत घेण्यापासून बाहेर पडेपर्यंत. आम्ही शेवटचा भाग गाळला होता."

मुख्याध्यापक आणखी काही बोलणार होते, पण त्यांच्या शेजारच्या शिक्षिकेनं हात पुढं करून चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मागून घेतला आणि खाली बसून वाचायला लागली. मग दुसऱ्या एकीनं मागितला. मेळा आवरेपर्यंत त्या टेबलाभोवती सात-आठ जणी होत्या. ठरलं एवढंच, की प्रत्येकीनं आपल्या शाळेत असं खोकं ठेवायचं.

घरी पोचल्यावर सुनेनं, अंजनीनं, ताट वाढलं. टेंपोत जागा नव्हती म्हणून मागं राहिलेली सौम्या समोर येऊन बसली, मेळ्याचं सगळं ऐकायला. परशरामनं भाकरी मोडली आणि विचारलं, "सौम्या, आपल्या शाळेतल्या संडासला कडी हाय?"

"हाय की."

"मग बरं."

"पाणी न्हाय पण. नळ मोडलाय, गणपतीपासनं."

परशरामनं घास ताटात ठेवला. "मग तुम्ही पोरी काय करता?"

"धरून बसतो," सौम्या म्हणाली, जशी काही ती शाळेच्या वेळापत्रकातलीच गोष्ट होती. दारात उभ्या असलेल्या अंजनीनं पोरीकडं बघितलं.

"बाईंना सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परशराम मष्णूला घेऊन शाळेत गेला. सोबत पाना, नवा नळ आणि अमृतनं काढून दिलेला पाइपचा तुकडा. प्रियदर्शनी बाई त्यांच्या हातातला नळ बघून ओशाळल्या. आपल्याच शाळेत काय असेल, हा विचार त्यांनीही रात्रभर केला असावा. शिक्षकांचा संडास वेगळा, त्याला किल्ली, त्यामुळं पोरींच्या बाजूला तीन महिने त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. कुणावर न ढकलता त्यांनी तसं सांगून टाकलं आणि मोटर चालू करायला स्वतः टाकीकडं गेल्या.

मष्णूला बारीक दिसत नव्हतं, पण पाइपाची आटी त्याच्या बोटांना कळत होती. तासाभरात नळ बसला. पहिल्यांदा गंजाचं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. परशरामनं दोन बादल्या भरून ठेवल्या, कडी लावून काढून बघितली.

सुट्टीची घंटा झाली. पोरी घोळक्यानं कोपऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या. एकमेकींना ढकलत, हसत, पुढं कुणीच येईना.

"काय झालं रं?" मष्णूनं विचारलं. "येईनात का?"

"आपण दोघं म्हातारे दारात उभं राहिलोय, त्या कशा येतील?" परशरामनं पाना पिशवीत टाकला आणि मष्णूचा दंड धरला. "चल, पलीकडं जाऊन बसूया."